साहेबांची साक्ष: नौदलातून न्यायासनावर गेलेल्या माणसाचं आयुष्य कसं नोंदवून घ्यावं

मी साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. १९७८ ते १९८२ अशी चार वर्षं ज्या जिल्हा न्यायाधीशांचं डिक्टेशन मी घेतलं, ते तरुणपणी दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत टेलिग्राफिस्ट, म्हणजे बिनतारीवर मोर्सच्या खुणांत संदेश घेणारे-पाठवणारे, होते. त्या चार वर्षांत हे मला कधी कळलं नाही. कळलं ते २००७ साली. गणपती गेल्यावर काकूंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, जुनी ट्रंक उन्हात काढली होती आणि मी सहज भेटायला गेले होते. कपड्यांच्या तळाशी रुमालात बांधलेली तीन पदकं निघाली. साहेब तेव्हा ८३ वर्षांचे होते.

पुढचे दहा महिने, एकूण २९ सकाळी, मी त्यांच्यासमोर बसून त्यांचं आयुष्य उतरवून घेतलं. टाइप केलेली १६४ पानं झाली. साहेब २०११ साली गेले. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, की आमच्या आजोबांचं, मामांचं असं काही करायचं आहे, कुठून सुरुवात करू? दुसऱ्या महायुद्धातली माणसं आता जवळजवळ राहिलेलीच नाहीत. पण १९७१ च्या युद्धात जहाजावर असलेला विशीतला नाविक आज पंचाहत्तरीला टेकला आहे. त्या ९ डिसेंबरला आयएनएस खुकरी बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. ती बातमी ज्यांनी बिनतारी यंत्रावर ऐकली, ती माणसं अजून आपल्या आसपास आहेत. म्हणून मला जमलं ते आणि चुकलं ते, दोन्ही सविस्तर लिहिते.

ट्रंकेपासून सुरुवात करा

"तुमचा जन्म कुठे झाला?" या प्रश्नाने सुरुवात करू नका. मी केली होती. न्यायाधीशाला असा प्रश्न विचारला की तो प्रतिज्ञापत्र सांगतो. जन्म १९२४, गाव दाभोळच्या खाडीकाठी, मॅट्रिक, १९४३ साली नौदल, १९४६ ला सेवेतून सुटका, नंतर बी.ए., एलएल.बी., चिपळूणला वकिली, १९५८ ला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, १९८२ ला निवृत्त. सात मिनिटांत सगळं आयुष्य संपलं आणि साहेबांनी वर्तमानपत्र उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी तोंडाने काहीच विचारलं नाही. तिन्ही पदकं टेबलावर मांडली. १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार आणि वॉर मेडल. साहेबांनी पहिला स्टार उचलला आणि म्हणाले, "फीत उलटी लावली आहे." त्या फितीवर सारख्या रुंदीचे तीन उभे पट्टे असतात. गडद निळा नौदल आणि व्यापारी जहाजांचा, लाल भूदलाचा, फिका निळा हवाई दलाचा. छातीवर लावताना गडद निळा पट्टा डाव्या खांद्यापासून लांब, छातीच्या मध्याकडे यायला हवा. कधीतरी प्रजासत्ताक दिनाला घालायची म्हणून काकूंनी ती पुन्हा शिवून दिली होती आणि तेव्हा बाजू पालटली होती. "आरमार आधी, मग बाकीचे," असं म्हणत साहेबांनी ती फिरवून दाखवली, आणि तिथून पुढे पाऊण तास ते थांबले नाहीत.

तेव्हा आधी वस्तू काढा. पदक, बिल्ला, सुटकेचा दाखला, ग्रुप फोटो, वकिलीची सनद, काळा कोट, पहिल्या बदलीचा हुकूम. प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, कारण फोटोंच्या मागे पेन्सिलने लिहिलेलं असतं. पदकं चिंच किंवा ब्रासो लावून घासू नका, अक्षरं झिजतात. सुती कापडात वेगवेगळी गुंडाळा आणि फितींना ऊन लागू देऊ नका. साताऱ्याच्या पावसात कागदांना बुरशी धरते, म्हणून चिकटपट्टीच्या अल्बममध्ये काही कोंबू नका.

बैठक कशी असावी

वेळ एकच ठेवा. आमची १० ते पावणेअकरा. त्याआधी पेपर वाचून झालेला असे आणि त्यानंतर त्यांचा आवाज बसे. पंचेचाळीस मिनिटांपुढे गेलं की म्हातारं माणूस सौजन्याने बोलत राहतं, पण मग जे सांगतं ते शंभरदा सांगितलेलं असतं.

कोणता कान चांगला आहे ते आधी विचारा आणि त्या बाजूला बसा. साहेबांना उजव्या कानाने कमी ऐकू येई. त्यांच्या जहाजावर चार इंची सहा तोफा होत्या, दोन-दोनच्या तीन जोड्या, आणि कानाचं हे त्यांचंच देणं आहे असं ते म्हणत. मी पहिले तीन दिवस उजवीकडेच बसले होते आणि ते "हो, हो" म्हणतात म्हणजे प्रश्न कळला असं समजत होते.

पंखा बंद करा, कुकर आधी लावून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका. रेकॉर्डिंग दोन यंत्रांवर करा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, ठिकाण आणि खोलीत कोण कोण आहे ते बोला, साक्षीच्या वरती लिहितात तसं. आणि त्याच दिवशी संध्याकाळी दुसरीकडे प्रत काढा. मी एकदा हे उद्यावर टाकलं आणि अकराव्या सकाळची कॅसेट बाराव्या सकाळी पुसली गेली. साहेबांनी तो भाग पुन्हा सांगितला खरा, पण पहिल्यांदा सांगताना त्यात त्यांच्या मेसमधला एक मलबारी मित्र होता, दुसऱ्यांदा तो आला नाही. मी नाव आठवून विचारलं तर म्हणाले, "मी त्याच्याबद्दल बोललो होतो?" ते मला आजही लागतं.

काय विचारायचं

"भीती वाटली का", "कसं वाटलं" हे प्रश्न टाळा. त्यांना एका शब्दाचं उत्तर मिळतं. जहाजावरच्या माणसाला वॉच विचारा. जहाजावरचा दिवस चार-चार तासांच्या पाळ्यांत कापलेला असतो. रात्री १२ ते ४ मिडल वॉच, ४ ते ८ मॉर्निंग, ८ ते १२ फोरनून, १२ ते ४ आफ्टरनून, मग ४ ते ६ आणि ६ ते ८ हे दोन छोटे डॉग वॉच, आणि ८ ते १२ फर्स्ट. डॉग वॉच दोन तासांचे असतात म्हणून पाळ्यांची संख्या विषम होते आणि त्याच माणसांना रोज तीच पाळी येत नाही. हे तुम्हाला आधी ठाऊक असेल तर "मिडल वॉचला तुम्ही कुठे बसायचात?" असं विचारता येतं, आणि नाविकाला कळतं की समोरच्याने थोडा गृहपाठ केलेला आहे.

मग हातात काय असायचं, उजेड कसला होता, हॅमॉक (झोपायची झोळी) कुठे टांगलेला, शेजारी कोण, ताटात काय, पाणी मोजून मिळायचं का, असं विचारत जा. मी चौकडीचा कागद पुढे केला आणि बिनतारीची खोली काढून मागितली. साहेबांनी पेन्सिल न उचलता काढली. यंत्र, त्यासमोर जमिनीला जखडलेली खुर्ची, डाव्या हाताला ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या मजल्यावर, बोलायची नळी, उजवीकडे पॅड. खुर्चीला त्यांनी तीन वेळा गिरवलं. त्या एका कागदावर आमच्या चार सकाळी गेल्या.

त्यांचं जहाज होतं एचएमआयएस नर्बदा. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यावर ती होती. १२ तारखेला म्येबोनला सैन्य उतरलं, त्याची गोष्ट मला हवी होती. मला वाटलं, आता लढाई ऐकायला मिळणार. साहेब म्हणाले, "बाई, लढाई मी पाहिली नाही. मी ती ऐकली, तीही मोर्समध्ये." पाळी संपवून ते वर आले तेव्हा ओहोटी होती. समोर कांदळवन, खाडी आणि काळा चिखल, अगदी दाभोळचा. त्यात मांडीपर्यंत रुतलेले जवान एकमेकांना हात देऊन ओढत होते. "आमच्याकडे कालवं काढायला बाया जातात त्या पायाखाली फळी घेतात. या पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं." एवढंच. यावर मी पुढे काही विचारलं नाही आणि ते बरं केलं.

इथेच मला एक पद्धत सापडली, ती जरूर उचला. टाइप करताना डाव्या समासात प्रत्येक परिच्छेदापुढे एक अक्षर घाला. 'पा' म्हणजे पाहिलेलं, 'ऐ' म्हणजे ऐकलेलं, 'वा' म्हणजे नंतर कुठे वाचलेलं. साठ वर्षांत या तिन्ही गोष्टी माणसाच्या डोक्यात एकजीव होतात. न्यायाधीशाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. साहेब स्वतःच मध्ये थांबून म्हणायचे, "हे 'ऐ' घाला."

शब्द त्यांचेच ठेवा. साहेब जहाजाला 'बोट' म्हणत, नौदलाला 'नेव्ही', सुट्टीत किनाऱ्यावर जाण्याला 'लिबर्टी'. मी पहिल्या खर्ड्यात 'युद्धनौका' आणि 'झुलती शय्या' असं लिहिलं होतं. त्यांनी हॅमॉकची झुलती शय्या झालेली पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. मी त्याच रात्री सगळं परत टाइप केलं.

जे सांगितलं नाही ते जोडू नका

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांबण लावते.

साहेब १९४६ बद्दल बोलत नव्हते. जहाज, आराकान, रंगून, सगळं सांगत. पण "मग मुंबईला आलो आणि सुटलो" इथे वाक्य संपायचं. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत काय झालं ते इतिहासात आहे. १८ तारखेला कुलाब्याच्या 'तलवार' या सिग्नल शाळेतल्या नाविकांनी न्याहारी नाकारली. निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, सुटका आणि पगाराबद्दलची तक्रार, त्यात आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी तापलेलं वातावरण. बघता बघता ७८ जहाजं, २० किनारी ठाणी आणि सुमारे २०,००० नाविक संपात उतरले. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेला संप समितीने माघार घेतली. साहेब टेलिग्राफिस्ट होते, सुटकेची वाट पाहत होते आणि मुंबईत होते. म्हणजे ते कुठे असणार हे मला दिसत होतं.

मी तीन महिने विचारलं नाही. असा विषय असेल तर तुम्हीही थांबा. त्याच्या आजूबाजूच्या साध्या गोष्टी विचारत राहा. जानेवारीत एका सकाळी मी किनाऱ्यावरच्या जेवणाबद्दल विचारत होते. डाळ कशी असायची? साहेब म्हणाले, "खडे असायचे. त्या सोमवारी मी ताट घेतलंच नाही." मी गप्प राहिले. टेपवर तिथे अकरा सेकंद फक्त घड्याळ ऐकू येतं. मग त्यांनी पाचही दिवस सांगितले. शेवटी म्हणाले, "न्यायाधीशाने आपल्या बंडाच्या गोष्टी सांगू नयेत असं मला वाटायचं. आता तुम्ही लिहा." नोकरीसाठी अर्ज करताना हे लिहिलं होतं का, असं मी विचारलं. "तसा रकाना नव्हता. विचारलं असतं तर सांगितलं असतं." काकू दारात उभ्या होत्या. त्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं.

आता माझी चूक. त्या संपाची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला होता. अध्यक्ष पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती फझल अली, आणि सदस्यांत न्यायमूर्ती कृष्णस्वामी अय्यंगार आणि न्यायमूर्ती मेहरचंद महाजन, शिवाय एक नौदलाचा आणि एक लष्कराचा अधिकारी. फझल अली आणि महाजन दोघेही पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, महाजन तर सरन्यायाधीश झाले. हे वाचल्यावर मला राहवलं नाही. मी लिहिलं, की नाविकांची गाऱ्हाणी न्यायाधीश ऐकतात हे पाहून त्या तरुणाच्या मनात न्यायासनाची ओढ निर्माण झाली. वाक्य मला फार आवडलं होतं.

वाचून दाखवताना साहेबांनी हात वर केला. कोर्टात साक्षीदार भरकटला की करायचे तसा. "हे मी बोललो नाही. हे तुम्ही जोडलंत."

मग कायदाच का? उत्तर असं निघालं. सुटल्यावर मोर्स येतं म्हणून मुंबईच्या तारघरात नोकरी मिळाली. पाळ्या दुपारच्या आणि रात्रीच्या. कायद्याचे वर्ग सकाळी असत, म्हणून कायदा. सायन्सला प्रॅक्टिकल दिवसा असतं, ते जमलं नसतं. आयोगाची बातमी त्यांनी तेव्हा वाचलीसुद्धा नव्हती. "गावी पैसे पाठवायचे होते, बाई."

पुस्तिकेत आयोगाची माहिती एका पानावर आहे, तारघराची चार पानांनंतर. मध्ये पूल बांधलेला नाही. आरमार आणि न्यायासन एकाच माणसाच्या आयुष्यात आलं की प्रत्येकाला त्या दोन्हींना जोडणारं एक वाक्य हवं असतं. पाहुण्यांना हवं असतं, मुलांना हवं असतं, शोकसभेत बोलणाऱ्याला तर हवंच असतं. ते त्या माणसाने स्वतः म्हटलं तरच लिहा.

छोट्या गोष्टीतही हेच. पान ४१ वर एक वाक्य पावसाच्या आवाजात बुडालं होतं. मी अंदाजाने पुरं केलं. साहेब म्हणाले, टेलिग्राफिस्टला पहिला नियम शिकवतात तो हा, की अक्षर ऐकू आलं नाही तर तिथे जागा सोडायची. शब्द ओळखीचा वाटला तरी भरायचा नाही, कारण चुकीचा भरलेला शब्द पुढे कुणाला चुकीचा वाटत नाही. रिकामी जागा दिसते तरी. मला आठवलं, कोर्टात माझ्या वहीत एखादी खूण लागली नाही तर तेही हेच सांगायचे, की मोकळं ठेवा, मी भरीन. पान ४१ वर आजही रेघ आहे.

कोर्टाचा भाग

तो तुलनेने अवघड जातो, कारण न्यायाधीश स्वतःबद्दल न बोलण्यात मुरलेला असतो. खटले विचाराल तर तो निकालपत्र सांगेल: फिर्यादीचं म्हणणं, बचाव, मुद्दे, निष्कर्ष. त्यात तो माणूस कुठेच नसतो. शिवाय खटल्यातल्या लोकांची नावं हा गंभीर मामला आहे. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, मग ती घरगुती पुस्तिका का असेना. घटस्फोट, दत्तक, लहान मुलांचा ताबा, यांतल्या माणसांची नातवंडंही त्याच गावात राहतात. मी सगळ्या पक्षकारांना क, ख, ग केलं, गावं काढली, आणि नावांची यादी वेगळी कुठे लिहूनही ठेवली नाही.

खटल्यांऐवजी दिवस विचारा. बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) किती मोठा असायचा, शिरस्तेदार कसा होता, साक्षी स्वतःच्या हाताने लिहायचे का, चहा चेंबरमध्ये यायचा की घरून, गावात कुणाकडे जेवायला जायचं नाही असं ठरवलं होतं का. या शेवटच्या प्रश्नावर साहेब तासभर बोलले. मंगळवेढ्याला दोन वर्षं ते एकाही लग्नाला गेले नाहीत. मुलीला मैत्रिणीच्या वाढदिवसालाही पाठवलं नाही, कारण मैत्रिणीच्या वडिलांचा दावा बोर्डावर होता. मुलीला ते तेव्हा समजलं नाही. साहेबांना ते अजून बोचत होतं.

आणि पत्नीला वेगळं बसवा. हे विसरू नका. नवऱ्यासमोर त्या दुरुस्त्या करतात, एकट्या असल्या की गोष्ट सांगतात. काकूंची साक्ष मी स्वयंपाकघरात घेतली, भाजी निवडता निवडता. साहेबांना बदल्या सालावरून आठवत, काकूंना घरावरून. कुठल्या घरी नळ होता, कुठे विहीर, कुठे पावसाळ्यात अंथरुणं टेबलावर ठेवावी लागली, कुठल्या शाळेत मुलाला वर्षाच्या मध्ये घेतलं नाही. चोवीस वर्षांत नऊ घरं. सामानाची यादी त्यांना तोंडपाठ होती.

काकूंनी एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी मोठा निकाल असला की साहेब रात्री बाराच्या सुमारास उठत आणि चारला येऊन झोपत. दिवा लावत नसत, ओसरीवर खुर्चीत बसत. मी साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "छे, निकाल लिहून झाला की मला गाढ झोप लागायची." दोघांचं दोन वेगळ्या पानांवर आहे, दोघांची खाली सही आहे. कोण बरोबर ते मी ठरवलेलं नाही, तुम्हीही ठरवू नका.

नानावटी खटल्याचा प्रश्न तुमच्याही तोंडावर येईल: खुनाचा आरोप असलेला नौदलाचा कमांडर, ज्युरीने ८ विरुद्ध १ असा निर्दोष ठरवलेला, सत्र न्यायाधीशांनी ते अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलेलं, आणि १९६१ ला सर्वोच्च न्यायालयात जन्मठेप कायम. माझा असा समज होता की यावर साहेबांकडे खास काही असेल. नव्हतं. एक सकाळ गेली.

तुम्ही स्वतः त्या माणसासोबत काम केलेलं असेल तर तुमच्या आठवणी त्याच्या तोंडी घालू नका. १९८१ मध्ये एका खुनाच्या खटल्यात जन्मठेप सांगताना साहेबांचं डिक्टेशन थांबलं होतं, मी पेन्सिल धरून बसले होते, पट्टेवाला आत आला तरी त्यांनी पाहिलं नाही. हे मी माझ्या नावाने, शेवटी, वेगळ्या पानावर लिहिलं. साहेबांनी ते वाचलं आणि काही बोलले नाहीत. काढायलाही सांगितलं नाही.

पडताळणी

ही बोलणं संपल्यावर करा, चालू असताना नको. नाहीतर तुम्ही त्यांना दुरुस्त करायला लागता आणि ते सावध होतात.

जहाजाचं नाव बदललेलं असू शकतं. फाळणीत नौदलाचीही वाटणी झाली आणि नर्बदा पाकिस्तानच्या वाट्याला गेली, तिचं नाव झालं झेलम. 'आयएनएस नर्बदा' शोधत बसलात तर काही सापडणार नाही. साहेबांना हे माहीत होतं. "माझी बोट तिकडे गेली," असं ते एकदाच म्हणाले. जुन्या युद्धकाळासाठी भारत आणि पाकिस्तान या दोघांच्या संयुक्त इतिहास विभागाने तयार केलेला रॉयल इंडियन नेव्हीचा अधिकृत इतिहास मोठ्या ग्रंथालयात मिळतो. मूळ कागद दिल्लीत जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. नाविकांच्या सेवेच्या नोंदींसाठी मुंबईत मानखुर्दचं ब्युरो ऑफ सेलर्स आहे, पण आधी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथले लोक अर्ज कसा करायचा ते सांगतात. न्यायाधीशांच्या नेमणुका आणि बदल्या राजपत्रात छापून येतात. मी एका कार्यालयात जुनी फाइल मागायला तीनदा गेले आणि तिन्ही वेळा ती बांधणीला गेलेली होती, शेवटी राजपत्रावरच भागवलं.

तफावत निघाली तर घाबरू नका. साहेबांनी सांगितलं होतं की आराकानातल्या अक्याबला उतरताना जोराची लढाई झाली. प्रत्यक्षात ३ जानेवारी १९४५ ला अक्याब घेतलं तेव्हा जपानी सैन्य आधीच निघून गेलेलं होतं, विरोध झालाच नाही. त्यांच्या मनात अक्याब आणि नऊ दिवसांनंतरचं म्येबोन एक झालं होतं. मी त्यांचं वाक्य तसंच ठेवलं आणि खाली बारीक टाइपात तारीख दिली. त्यांना दाखवलं. त्यांनी टीप दोनदा वाचली आणि वाक्यापुढचं 'पा' खोडून स्वतःच्या हाताने 'ऐ' केलं.

साताऱ्यात एक अडचण वेगळी येते. आमचा जिल्हा फौजेचा. अपशिंग्यासारखं गाव तर नावातच मिलिटरी लावतं, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले. त्यामुळे युद्ध म्हटलं की जो तो पलटण विचारतो, आणि आरमारवाला माणूस गप्प बसतो. तुमच्या घरात असा कुणी असेल तर पलटण विचारू नका, बोट विचारा.

वाचून दाखवणं आणि छपाई

प्रत्येक पाच-सहा बैठकींनंतर टाइप केलेलं मोठ्याने वाचून दाखवा. कोर्टात साक्ष वाचून दाखवल्यावर साक्षीदार सही करतो, तसंच. मी प्रत्येक पानाखाली "वाचून दाखवलं, बरोबर आहे" असं लिहून जागा ठेवली. साहेबांनी १६४ सह्या केल्या, रोज सहा-सात, हात थरथरत असे म्हणून.

अक्षर १६ पॉइंटपेक्षा लहान नको, वाचणारे बहुतेक सत्तरीचे असतात. काही पानं छापू नका असं त्यांनी सांगितलं तर छापू नका, पाकिटात बंद करून कुणाच्या हाती कधी द्यायचं ते वर लिहून घ्या. आमची अशी तीन पानं आहेत. टाइप झालं म्हणून मूळ आवाज पुसू नका. ते अकरा सेकंद कागदावर येत नाहीत.

शेवटचं पान वाचून झालं त्या दिवशी बाहेर मुसळधार होती. साहेबांनी सही केली, पेनाला टोपण लावलं, आणि पान परत जवळ ओढलं.

"तारीख घातली नाहीत."

२३ जुलै २००८. ती त्यांनीच घातली.